सर्व्हर नेमका असतो कुठे? मुकुटबनच्या फाटकापासून मुंबईच्या १४०१ पर्यंत

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, वणीच्या दक्षिणेस, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. या भागात मराठीच्या जोडीने तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडते. वणीपासून कोरपना-राजुऱ्यापर्यंत पसरलेला चुनखडीचा पट्टा या गावाखालूनही जातो आणि त्या चुनखडीच्या बळावर येथे २०२२ साली बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएल या उपकंपनीचा सिमेंट प्रकल्प सुरू झाला. त्याची वार्षिक क्षमता ३९ लाख टन आहे.

सिमेंटच्या कारखान्यातून माल बाहेर पडतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. २५ टनांचा ट्रक म्हणजे ५० किलोची ५०० पोती. पोती रचून झाली, काट्यावर वजन झाले, चालक तयार आहे, डिझेल भरलेले आहे. तरीही ट्रक फाटकातच उभा राहतो, कारण त्याला १२ अंकी क्रमांक हवा असतो. तो ई-वे बिलाचा क्रमांक. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा, तर १ एप्रिल २०१८ पासून हा क्रमांक अनिवार्य आहे. पैनगंगेचा पूल काही किलोमीटरवर दिसत असला, तरी तो ओलांडण्याची अनुज्ञा एका दूरस्थ यंत्राकडून यावी लागते.

ते यंत्र उत्तर देईना, की महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला परिचित असलेले दोन शब्द उच्चारले जातात : ‘सर्व्हर डाऊन’. तलाठी कार्यालयात, रेशन दुकानात, बँकेच्या खिडकीवर आणि कारखान्याच्या फाटकावर हेच दोन शब्द. त्यांना मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या फंदात कोणी पडले नाही, इतके ते चटकन आपले झाले.

ई-वे बिलाचा प्रारंभच मुळी या शब्दांनी झाला होता. ही व्यवस्था प्रथम १ फेब्रुवारी २०१८ रोजी सुरू व्हायची होती. त्याच दिवशी पोर्टल कोलमडले आणि शासनाला अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. देशभरातील मालवाहतुकीचा कायदा एका दिवसात स्थगित झाला, तो न्यायालयाच्या आदेशाने किंवा वाहतूकदारांच्या संपाने नव्हे.

डाऊन झालेला हा सर्व्हर असतो कुठे, तो कोणाच्या मालकीचा आणि बंद पडल्यावर त्याला हात कोण लावतो? भारतीय व्यवसायांच्या संगणक-इतिहासात हे तीन प्रश्न पहिल्या दिवसापासून आहेत. संगणकाचा इतिहास सहसा आगमनांचा लिहिला जातो : पहिले यंत्र कोणते, पहिली कंपनी कोणती. देखभालीचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. येथे तोच मांडला आहे.

प्रारंभ मुंबईत होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, पण तो वैज्ञानिकांचा होता. व्यापारी हिशेबासाठी भारतात आलेला पहिला संगणक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो १९६१ साली एस्सो स्टँडर्ड ईस्टर्न या तेलकंपनीच्या मुंबई कार्यालयात बसवलेला आयबीएम १४०१. (ही कंपनी पुढे १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली.)

१४०१ हे यंत्र आजच्या दृष्टीने अत्यंत अल्पस्मृती होते. त्याच्या मूळ स्वरूपात केवळ १,४०० अक्षरे मावत आणि वाढवून वाढवून १६,०००. मात्र त्याचे कार्ड-वाचक मिनिटाला ८०० पंच कार्डे गिळत असे आणि त्याचा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापत असे. ज्या कार्यालयात महिन्याची पगारपत्रके तयार करायला कारकुनांची रांग लागत असे, तेथे हा वेग अद्भुतच वाटला असणार.

या यंत्राविषयीची खरी महत्त्वाची गोष्ट त्याच्या गतीत नसून त्याच्या करारात होती. आयबीएम यंत्र विकत नसे, भाड्याने देत असे. यंत्र ग्राहकाच्या इमारतीत, ग्राहकाच्या विजेवर आणि वातानुकूलनात चाले, परंतु मालकी आयबीएमची. दर महिन्याचे भाडे द्यायचे. बिघाड झाला की आयबीएमचा ‘कस्टमर इंजिनिअर’ येणार, सुटे भाग आयबीएमचे, नकाशे आयबीएमचे. ग्राहकाने झाकणही उघडायचे नाही. आज ज्या पद्धतीला ‘वापराल तितके भरा’ म्हणून नवी म्हणतात, तिचा सांगाडा १९६१ च्या मुंबईत उभा होता.

ज्यांना संपूर्ण यंत्राचे भाडेही परवडत नसे, त्यांच्यासाठी दुसरी सोय निर्माण झाली. १९६८ साली मुंबईत ‘टाटा कॉम्प्युटर सेंटर’ सुरू झाले. हीच पुढची टीसीएस. तिची आरंभीची कामे पाहिली तर आश्चर्य वाटते : जमशेदपूरच्या टिस्कोसाठी पंच कार्डांचे काम, सेंट्रल बँकेच्या शाखा-शाखांतील व्यवहारांचा मेळ, आणि युनिट ट्रस्टसाठी ‘ब्युरो सेवा’. ब्युरो म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर आपला हिशेब. कागद द्यायचे आणि तक्ते घेऊन जायचे. यंत्र कोणते, कुठे, किती जुने, याची चौकशी ग्राहकाने करण्याचे कारण नसे. ढगाची उपमा तेवढी अजून सुचलेली नव्हती.

या काळात यंत्रांना विरोधही मोठा झाला, विशेषतः आयुर्विमा महामंडळात आणि बँकांत. स्वयंचलनाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ चा. पुढे १९८० च्या दशकात संघटनांशी करार होऊन बँकांत जी यंत्रे आली त्यांचे नाव ‘अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ होते. नावात कुठेही संगणक नाही. हा विषय स्वतंत्र धाग्याचा आहे.

भाड्याच्या व्यवस्थेची दुसरी बाजू १९७० च्या दशकात उघडी पडली. आयबीएमने १४०१ ची विक्री १९७१ मध्ये जगभर बंद केली होती. भारतात मात्र अन्यत्र वापरून झालेली, दुरुस्त करून पाठवलेली तीच यंत्रे भाड्यावर चालू होती. १९७६ साली संसदेच्या लोकलेखा समितीनेही या व्यवहारावर कठोर टीका केली. त्यातच १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आला. परदेशी कंपनीने भारतीय व्यवसायातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, अशी त्याची अट होती. आयबीएमला ती मान्य नव्हती. जनता राजवटीत, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, आयबीएमने जाण्याचा निर्णय जाहीर केला आणि जून १९७८ पर्यंत गाशा गुंडाळला. कोका-कोला जाण्याच्या आठवणी लोक अजून सांगतात. आयबीएम जाण्याचा प्रसंग त्या मानाने विस्मृतीत गेला, वास्तविक परिणाम त्याचे अधिक खोल होते.

क्षणभर त्या कार्यालयांची अवस्था कल्पनेत आणावी. यंत्रे जागच्या जागी आहेत, पगारपत्रके निघायलाच हवीत, आणि झाकण उघडण्याचा अधिकार ज्याला होता तो मनुष्य निघून गेला आहे.

ही वेळ येणार याची चाहूल शासनाला आधीच लागली होती, असे म्हणावे लागते. १९७५ मध्ये एक सार्वजनिक कंपनी स्थापन झाली होती. तिचे नाव ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’. या नावापाशी इतिहासाच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. पोलाद, तेल, खते, विमाने यांच्या नावाने सार्वजनिक कंपन्या काढणाऱ्या देशाने येथे केवळ ‘देखभाल’ या कामासाठी एक कंपनी काढली. आयबीएमची देशभरातील सुमारे ८०० ठिकाणची यंत्रे सांभाळण्याची जबाबदारी १९७८ मध्ये सीएमसीवर आली. आयबीएमच्या काही माजी कर्मचाऱ्यांनीही एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट’ ही कंपनी काढली व ते काम पुढे चालवले.

या अभियंत्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. निर्मात्याने उत्पादन थांबवलेली यंत्रे, निर्मात्याच्या अनुपस्थितीत, त्यांनी चालू ठेवली. यातून एक विलक्षण गोष्ट घडली. एकाच कंपनीची यंत्रे जाणणारे तंत्रज्ञ अनेक कंपन्यांच्या यंत्रांचे जाणकार झाले. हीच सीएमसी पुढे रेल्वे आरक्षणाची प्रणाली उभारते आणि १९९५ साली मुंबई शेअर बाजाराला ‘बोल्ट’ ही संगणकीय व्यवहारप्रणाली करून देते. तोवर तिच्या नावातील ‘मेंटेनन्स’ हा शब्द गळून केवळ सीएमसी ही अक्षरे उरली होती. २००१ मध्ये तिचे नियंत्रण टाटांकडे गेले आणि २०१५ साली ती टीसीएसमध्ये विलीन झाली. ब्युरो आणि देखभाल, दोन्ही प्रवाह अखेर एकाच पात्रात मिळाले.

आयबीएमच्या जाण्याने मोकळ्या झालेल्या जागेत देशी कंपन्या उतरल्या. खानदेशातील अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तूप बनवण्यासाठी स्थापन झालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही त्यांपैकी एक. विप्रो या नावाने तिने १९८० च्या आरंभी मिनीकॉम्प्युटर बनवले. येथून मालकीचे युग सुरू झाले. यंत्रे लहान झाली, स्वस्त झाली, विकत घेता येऊ लागली.

विदर्भातील जिनिंग कारखान्यात, पतसंस्थेत, अडत दुकानात संगणक पोहोचला तो या मालकीच्या युगात. टेबलाखाली डबा, शेजारी यूपीएस, मालकाच्या खिशात बॅकअपचा पेन ड्राइव्ह. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणारा प्रदेश, त्यात तासन् तास भारनियमन. ‘सर्व्हर रूम’ म्हणजे कार्यालयातील एकमेव वातानुकूलित खोली, आणि दुपारी तेथे काही ना काही काम काढून जाणारे कर्मचारी. सर्व्हर कुठे आहे हे तेव्हा प्रत्येकाला ठाऊक होते. बिघडला की त्याची धूळ झटकणारा मनुष्यही ठाऊक होता.

मग यंत्र ‘आभासी’ केव्हा झाले? ही कल्पना एकविसाव्या शतकातील आहे हा समज खरा नाही. आयबीएमच्याच केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात १९६७ पर्यंत सीपी-४० नावाची प्रणाली चालू झाली होती. तिने एका संगणकावर अनेक संगणकांचा भास निर्माण केला. १९७२ मध्ये तिची वंशज व्हीएम/३७० बाजारात आली.

कल्पना समजायला कालव्याची पाणीपाळी आठवावी. पाळी असते तेव्हा संपूर्ण पाट एकाच शेतकऱ्याचा. पाळी संपली की दुसऱ्याचा. आता ही पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी लहान झाली, तर प्रत्येक शेतकऱ्याला पाट अखंड आपलाच वाटेल. आभासी यंत्र हे असे आहे. लोखंडाचा सर्व्हर एक; त्याच्यावर एक व्यवस्थापक प्रणाली बसते, तिला हायपरव्हायजर म्हणतात; आणि तिच्या देखरेखीखाली दहा-वीस ‘संगणक’ नांदतात. प्रत्येकाला वाटते, स्मृती आपली, चकती आपली, यंत्र आपले.

म्हणजे ज्या वर्षी मुंबईतील कार्यालये १४०१ चे भाडे भरत होती, त्याच वर्षी तिच्या निर्मात्याकडे आभासी यंत्र विक्रीला होते. आयआयटी मद्रासमध्ये १९७३ साली ३७० मालिकेतील यंत्र आले खरे, पण व्यापारी कार्यालयांना त्या पिढीची ओळख होण्यापूर्वीच आयबीएमचे जाणे झाले.

स्वस्त सर्व्हरवर आभासी यंत्रे चालवण्याची विद्या १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने लोकप्रिय केली. प्रत्येक कामाला एक डबा या पद्धतीमुळे कंपन्यांत डब्यांचे ढीग साचले होते आणि बहुतेक डबे दिवसाचा मोठा भाग रिकामे बसून वीज खात होते. वीस डब्यांचे काम दोनांत बसू लागले. २००३ पासून तर चालते आभासी यंत्र न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागले. २००६ साली अॅमेझॉनने आपल्या यंत्रांवरील असे भाग तासाच्या भाड्याने द्यायला प्रारंभ केला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची केंद्रे पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि २०१६ मध्ये अॅमेझॉनचे मुंबईत सुरू झाले. अर्धशतकानंतर मुंबई पुन्हा भाड्यावर आली. या वेळी भाड्याचे यंत्र ग्राहकाच्या इमारतीतही नव्हते.

व्यवस्थापकाचे काम मात्र हलके झाले नाही. आभासी यंत्र ही अखेर एक फाइल असते. ती चुटकीसरशी निर्माण होते आणि तितक्याच सहज विस्मरणात जाते. टेबलाखालचा डबा पायाला लागतो, म्हणून त्याची आठवण राहते. तीन वर्षांपूर्वी एखाद्या चाचणीसाठी काढलेले आभासी यंत्र कोणाच्याही पायाला लागत नाही. ते चालत राहते, त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या राहून जातात, आणि चोराला नेमके तेच दार सापडते. म्हणून आजच्या संगणक विभागाला दोन वह्या ठेवाव्या लागतात : एक लोखंडाची, दुसरी आभासाची. शिवाय कोणता आभास कोणत्या लोखंडावर उभा आहे, याची तिसरी. ही तिसरी वही सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा सर्वांत अपूर्ण असते.

तिचे महत्त्व २४ फेब्रुवारी २०२१ रोजी देशाने पाहिले. त्या बुधवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातील (एनएसई) सर्व विभागांचे व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला. भारतातील सर्वाधिक खर्चिक आणि काळजीपूर्वक सांभाळलेल्या संगणक-व्यवस्थांपैकी ही एक. प्रत्येक गोष्ट दुहेरी. दूरसंचाराचे दुवेही दोन कंपन्यांचे घेतलेले. मात्र दोन्ही दुवे डळमळले आणि त्यामुळे माहिती साठवणारी प्रणालीच प्रतिसाद देईनाशी झाली. दुव्यांचे कारण सांगताना रस्त्यावरील खोदकाम व बांधकामाचा उल्लेख झाला. म्हणजे कुदळ. आभासी जगाच्या मुळाशी असलेली ही कुदळ इतिहासकाराने विसरता कामा नये.

त्याहून बोलका भाग पुढचा. संकटकाळासाठी एनएसईचे दुसरे केंद्र चेन्नईत सज्ज होते. त्या दिवशी व्यवहार तिकडे नेले गेले नाहीत. पर्यायी यंत्र होते. त्याकडे वळण्याचा निर्णय झाला नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम काढला : महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांत ‘आपत्ती’ घोषित करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. नियमाचा रोख यंत्रांवर नाही, माणसांच्या संकोचावर आहे. आपले मुख्य यंत्र हरले, हे मान्य करण्यास किती वेळ घ्यायचा, एवढेच त्यात ठरवून दिले आहे.

सिमेंट कारखान्याला हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि येथे पुन्हा मुकुटबनकडे यायला हवे.

सिमेंटची भट्टी म्हणजे आडवी ठेवलेली, किंचित उतार दिलेली, संथ फिरणारी पोलादी नळी. आत चुनखडीचे मिश्रण १,४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून त्याचा क्लिंकर होतो. तापलेली भट्टी फिरायची थांबली तर स्वतःच्याच भाराने वाकते. म्हणून मुख्य वीज गेली तरी भट्टी हळूहळू फिरवत ठेवण्यासाठी वेगळी साहाय्यक यंत्रणा असते, आणि ती डिझेलवर चालू शकते. ती केव्हा सुरू करायची यावर चर्चा होत नाही. निर्णय आधीच झालेला असतो.

भट्टी हाताळण्याचे ज्ञान पूर्वी ज्वाळेच्या रंगावरून अंदाज घेणाऱ्या अनुभवी कामगाराजवळ होते. १९७८ मध्ये, योगायोगाने ज्या वर्षी आयबीएमने भारत सोडला त्याच वर्षी, डेन्मार्कमध्ये हे ‘थोडे अधिक तापले’, ‘बरेच कमी झाले’ अशा भाषेतील ज्ञान ‘फझी लॉजिक’ पद्धतीने संगणकाला शिकवून सिमेंटची भट्टी चालवण्यात आली. आज आधुनिक भट्टीचे प्रत्यक्ष नियंत्रण करणारी उपकरणे भट्टीजवळच्या कपाटांत, लोखंडी स्वरूपातच असतात. भट्टीला मुंबईहून येणाऱ्या उत्तराची वाट पाहणे परवडत नाही. नियंत्रणकक्षातील पडद्यांमागचे सर्व्हर आता अनेक कारखान्यांत आभासी असतात, तरी तेही आवारातील दोन सर्व्हरांवर विभागलेले, एक पडला तर दुसऱ्याने उचलावे म्हणून. पगार, खरेदी, विक्रीचे हिशेब शेकडो किलोमीटर दूर गेले तरी चालतात.

एकाच आवारात अशा रीतीने संगणक-इतिहासाची सारी युगे शेजारी नांदतात. भट्टीजवळ लोखंड, नियंत्रणकक्षात आवारातला आभास, हिशेबाला दूरचे केंद्र. आणि फाटकावर कारखान्याच्या मालकीचे नसलेले, कारखान्याने भाडेही न भरलेले यंत्र : राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने उभारलेले ई-वे बिलाचे पोर्टल. भट्टी स्वतःच्या डिझेलवर फिरत राहू शकते. फाटकावरच्या ट्रकला तशी सोय नव्हती.

ती सोय सात वर्षांनी झाली. १ जुलै २०२५ पासून ई-वे बिलाचे दुसरे पोर्टल सुरू करण्यात आले. पहिल्यावरील नोंदी काही क्षणांत दुसऱ्यावर पोहोचतात, आणि एक बंद पडले तर दुसऱ्यावरून क्रमांक काढता येतो. पैनगंगेकडे निघालेल्या चालकाच्या हातातील कागदावर १२ अंक असतात. ते कोणत्या पोर्टलवरून आले, हे विचारण्याचे त्याला कारण पडत नाही.